कऱ्हाडे सापडेनात : दोन ओळींच्या कोडमागचा इतिहास

द्वारका म्हटलं की आपल्याला सौराष्ट्रातली कृष्णाची नगरी आठवते. मी राहतो ती द्वारका दिल्लीच्या नैऋत्येला आहे, सेक्टरांची आणि सोसायट्यांची. इथे मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. आमच्या धंद्यात कोडचे छोटे तुकडे एकमेकांना देणं हे शेजारी विरजण मागण्याइतकं नेहमीचं आहे. आज अशाच दोन ओळींची गोष्ट सांगतो.

एप्रिल 2021. दिल्लीत करोनाची दुसरी लाट होती. आम्ही काही मराठी घरांनी आजारी कुटुंबांना जेवणाचे डबे पोचवायला सुरुवात केली. नोंदणीसाठी मी एका रात्रीत छोटीशी वेबसाइट उभी केली. तिसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला, "डबा आलाच नाही हो." त्यांचं आडनाव आपण कऱ्हाडे धरू. त्यांनी नोंदणी केली होती. पण डबे वाटणाऱ्या मुलाने आडनाव शोधलं तेव्हा यादीत काहीच निघालं नाही. दोन दिवस त्या दोघांनी शेजाऱ्यांच्या खिचडीवर काढले.

मी यादी उघडली. कऱ्हाडे हे नाव समोर दिसत होतं, पण शोधलं की सापडत नव्हतं. कुठेतरी न दिसणारं चिन्ह शिरलं असणार, असं वाटलं. अशी चिन्हं काढून टाकणारी एक ओळ सगळेच वापरतात, तीच मी चिकटवली. झालं! कऱ्हाडे यांचे 'कर्हाडे' झाले, डोक्यावर रफार घेऊन.

शेवटी इंदूरच्या एका मित्राने मोबाइलवर दोन ओळी पाठवल्या आणि दहा मिनिटांत काम झालं. असं का झालं, हे मी नंतर शोधलं. त्याचं मूळ माझ्याच शहरात होतं.

द्वारकेहून मेट्रोच्या निळ्या मार्गाने मंडी हाऊसला उतरायचं आणि गाडी बदलून पुढच्याच आयटीओ स्टेशनवर जायचं. तिथे बहादूरशाह जफर मार्गावर भारतीय मानक ब्युरोचं मानक भवन आहे. भारतीय लिप्यांसाठीचा 'इस्की' हा संकेत ब्युरोने 1991 साली आयएस 13194 या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारला. सगळ्या लिप्यांना एकच आराखडा, ही त्यामागची कल्पना. म्हणून द्राविडी भाषांतल्या कठोर 'र'साठी देवनागरीतही ऱ हे अक्षर आलं. त्याचा पाय मोडला की मराठीचा चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळायचा.

युनिकोडने देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरून घेतली. मात्र 1996 च्या युनिकोड 2.0 मध्ये हा अर्धा र वेगळ्या रीतीने लिहिला जाई : साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पुढे इस्कीला धरून ऱ ची रीत आली, पण आधी लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून जुनीही ठेवली. त्यामुळे दोन्ही रीती आजही चालतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची जी ठरलेली पद्धत आहे, तीही या दोघांना एक करत नाही.

आणि ते जोडचिन्ह सरसकट पुसलं, तर अर्थच बदलतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र!

असंच दुसरं अक्षर म्हणजे ॲ. युनिकोडमध्ये ते स्वतंत्रपणे आलं 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठी वर्णमालेत त्याला जागा दिली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही अनेकजण तसंच लिहितात. म्हणून 'ॲड.' लिहिलेल्या वकिलांचं नाव एका यादीत सापडतं आणि दुसऱ्या यादीत हरवतं.

मित्राच्या दोन ओळी एवढंच करत होत्या. पहिली ओळ : य किंवा ह च्या आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसलं, तर त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा. दुसरी : अ आणि चंद्र असे सुटे दिसले, तर ॲ ठेवा. नाव नोंदवताना हे करायचं आणि शोधतानाही करायचं. एकीकडेच केलं तर घोळ तसाच राहतो.

माझी चूक कुठे झाली, ते आता कळतं. न दिसणारी चिन्हं पुसणारी ती ओळ इंग्रजी मजकुरासाठी ठीक होती. ती कोणासाठी लिहिली आहे हे मी विचारलं नाही, आणि देणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. आता मी कोणाला तुकडा दिला की त्यावर मराठीत एक टीप लिहितो : हे कशासाठी, आणि कुठे वापरू नये.

तुम्ही बेळगावात असा, बडोद्यात किंवा हैदराबादेत. तुमच्या मंडळाची, सोसायटीची यादी असेल तर आज एक करून बघा. गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे ही आडनावं दोन्ही रीतींनी लिहून शोधा. एकदा सापडलं आणि एकदा नाही, तर यादी सांभाळणाऱ्याला या दोन ओळी नक्की सांगा.