तीन मापांचे मिरज

वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वर्षानुवर्षे चाळले, त्यांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, आणि म्हणूनच पटवर्धनी फौजेच्या हालचाली आज आपणांस तपशीलवार कळतात. परंतु त्याच मिरजेच्या स्थानकात तीन निरनिराळ्या मापांचे रूळ एका काळी शेजारी शेजारी नांदत होते, ही गोष्ट पुढील पिढीस डोळ्यांनी दाखवावयाची म्हटली, तर तेथे आता एकट्या ब्रॉडगेजचेच राज्य आहे.

आधी आले मीटरगेज. सदर्न मराठा रेल्वेची ही वाट कोरेगाव, कराड करीत 1890 च्या सुमारास पुणे आणि मिरज यांस जोडून गेली. याच वाटेवरील कुंडल रोड स्थानकानजीक, औंध संस्थानच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना वसविला. याच वाटेवर शेणोलीपाशी 7 जून 1943 रोजी इंग्रज सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. 1971 मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आले. बेळगावकडचे मीटरगेज त्यानंतरही दोन दशके टिकले.

माझे मन मात्र रमते ते बार्शी लाइट रेल्वेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी पंढरपूरवरून ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग अशी 1927 मध्ये मिरजेस पोहोचली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, मात्र त्या मर्यादेत माल जास्तीत जास्त वाहावयाचा, हे त्याचे सूत्र. म्हणून अडीच फुटांच्या रुळावर त्याने सात फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशा एकाच मापाच्या पोलादी सांगाड्यांवर गाड्या बांधविल्या, आणि लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ जोडचाकांची इंजिने आणविली. बार्शीचा हा अनुभव त्याने पुढे इंग्लंडातील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेस लावला. ती रेल्वे 1934 सालीच बंद पडली, तरी तिच्या प्रतिकृती तिकडचे हौशी लोक आजही निष्ठेने करतात. आणि तिची थोरली बहीण आमच्या दारातून जात होती!

ही हौस मराठी माणसास परकी नव्हे. मूळचे सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे पाटील असलेल्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरातील जयविलास महालात जेवणाच्या मेजावर रुप्याची आगगाडी फिरत असे, आणि पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 साली लोकांस खुले केले. मिरजेचे स्थानक प्रतिकृतींच्या 1:87 या रूढ प्रमाणात उतरविले, तर ब्रॉडगेजला सुमारे 19, मीटरगेजला साडेअकरा आणि बार्शीच्या रुळास पावणेनऊ मिलिमीटर रुंदी येते. कॅलथ्रॉपची ती पंचवीस फुटी वाघीण नऊ सेंटिमीटरांच्या आत बसते.

जुन्या प्रतिकृतीचा जीर्णोद्धार हे मी संशोधकाचेच कार्य मानतो. फाटलेल्या मोडी कागदावर आपल्या पदरचे अक्षर घालणे जसे पाप, तसेच अस्सल रंगावर झगझगीत नवा रंग चढविणे. वाळून चिकट झालेले वंगण धीराने काढावे. रुळांवरील काजळी मऊ कापडाने पुसावी, खरकागदाने कधीही घासू नये, कारण त्या चऱ्यांतच पुढची घाण साचते. महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ ओतीव भागांतील जस्तात शिशाची भेसळ असल्यामुळे ते आपोआप फुगून तडकतात, आणि त्यास औषध नाही. असा भाग पुरता भंगण्यापूर्वी त्याचा साचा घेऊन नवा ओतावा, आणि तो नवा आहे याची नोंद तळाशी कोरून ठेवावी.

मिरज, कुर्डुवाडी, पंढरपूर येथील ज्या घरांतून कोणी या गाड्यांवर चाकरी केली असेल, त्यांनी जुनी छायाचित्रे, वेळापत्रके, यंत्रशाळेचे नकाशे आणि मुलांसाठी केलेली पत्र्याची इंजिने मोडीत घालू नयेत. निदान त्यांची मापे घेऊन ठेवावीत, आणि हे काम ज्यांस सर्व आठवते ती वडीलधारी माणसे आहेत तोवरच करावे.