माळा, पोटमाळा आणि लॉफ्ट

विंझरच्या ज्या घरी आम्ही ऐन श्रावणातली एक दुपार काढली, त्या घराला माळा आहे. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, राजगड आणि तोरण्याच्या कुशीतल्या या मुलखात माळ्यावाचून जुने घर सहसा दिसत नाही. पाऊस चार महिने थांबत नाही, तेव्हा सरपण, भाताचे बियाणे, कणगी, घोंगड्या, जे जे कोरडे राहायला हवे ते वर जाते. खालच्या चुलीचा धूर त्यातून फिरतो आणि कीड लागत नाही. माळ्यावर माणूस राहत नाही, वस्तू राहतात. त्या दुपारी माळ्यावरून खाली आली ती पत्र्याची एक काळी ट्रंक. घरच्या वृद्ध गृहस्थांचे वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि त्यांचे कागद ट्रंकेत होते.

ते कागद आम्ही का पाहत होतो ते पुढे येईलच. आधी शब्दाविषयी थोडे.

मावळातला आणि कोकणातला माणूस मुंबईस गेला, तेव्हा त्याच्यासोबत माळा हा शब्दही गेला आणि तिथे त्याचा अर्थ फिरला. चाळीत माळा म्हणजे मजला झाला. पत्त्यात 'दुसरा माळा, खोली नंबर अमुक' असे येऊ लागले. खोलीतच फळ्या ठोकून वर आणखी एक थर केला की त्याला पोटमाळा म्हणू लागले आणि इथे मात्र वस्तूंबरोबर माणसेही चढली. एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची, जेवायला खानावळ धरायची आणि पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा, अशी रीत होती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला. २००४ साली इंग्रजीत आलेल्या त्या ग्रंथातून या खोल्यांतले दाट जगणे उभे राहते. आमच्या साहित्यानेही ते पाहिले आहे, नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत. परंतु समीक्षेने त्यात 'कामगार' जितका शोधला तितके 'घर' शोधले नाही, असे आम्हांस वाटते.

पोटमाळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो लॉफ्ट. आजच्या मराठी घरात लॉफ्ट म्हणजे न्हाणीघराच्या छताशी केलेली, सुटकेसा आणि दिवाळीची कंदिले ठेवण्याची जागा. न्यूयॉर्कमध्ये मात्र तो शब्द वेगळ्याच वाटेने गेला. मॅनहॅटनच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव लोखंडी खांबांच्या उंच कारखानी इमारती होत्या. तिथले छोटे उद्योग उठू लागले तेव्हा चित्रकार-शिल्पकारांनी ते मोकळे मजले स्वस्तात भाड्याने घेतले. तिथे राहणे बेकायदा होते. १९७१ साली शहराने कलावंतांपुरती परवानगी दिली. १९८२ साली न्यूयॉर्क राज्याने लॉफ्टमधल्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केला. त्याच वर्षी शॅरन झुकिन यांचे 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कलावंताची गैरसोय ही पुढे सुखवस्तू वर्गाची अभिरुची झाली आणि त्या अभिरुचीमागून जमिनीचा व्यापार आला.

१९८२ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. एका शहरात त्या वर्षी जुन्या कारखान्यात राहणाऱ्याला हक्क मिळाला. दुसऱ्यात कारखान्यामुळे राहू शकणाऱ्याचा आधार गेला. हा निव्वळ योगायोग आहे. पण पुढे मुंबईच्या गिरण्यांचे लॉफ्ट का झाले नाहीत, हा प्रश्न त्या योगायोगामुळे आम्हांस सुचला.

इमारती तर होत्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, त्यानंतरच्या शतकात बांधलेले कताईचे अनेकमजली वाडे, विणाईच्या एकमजली शेडी, त्यांवरची करवतीच्या दात्यांसारखी छपरे (उत्तरेचा सौम्य उजेड आत यावा, ऊन नव्हे, म्हणून ती तशी), सागाच्या तुळया, लोखंडी खांब आणि वर धुराडे. विणाई जमिनीवर आणि कताई मजल्यांवर, कारण मागांचा हादरा मजल्याला सोसत नाही. न्यूयॉर्कच्या दलालाला हेवा वाटावा असा हा ऐवज होता. परंतु मुंबईत किंमत इमारतीला नव्हती, तिच्या खालच्या जमिनीला होती. अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर. एकमजली शेड जपून तीत घरे करणे म्हणजे त्या जमिनीवरचे उरलेले सारे आकाश सोडून देणे. ते कोण सोडणार?

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने एक नियम वाचावा, अशी आमची विनंती आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले की, गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे पडतील: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला, पण तो कागदावर राहिला. २००१ साली नियमात फेरफार झाला. वाटे आता सगळ्या जमिनीचे नव्हे, मोकळ्या जमिनीचे करायचे होते. एक विशेषण वाढले. मग मोकळी म्हणजे काय? गिरणी पाडल्यावर मोकळी झालेली जमीन धरायची की पूर्वीपासून रिकामी होती तेवढीच? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पहिला अर्थ घेतला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुसरा.

परिणाम विलक्षण आहे. पाडलेली शेड हिशेबात उभीच राहिली. जिथे एकेकाळी माग होते तेवढी भुई वाटणीतून वगळली गेली, आणि गिरणी जितकी दाट बांधलेली, तितका लोकांचा वाटा कमी. सोहोमध्ये जुनी इमारत टिकली म्हणून घर झाली. इथे ती पडली, आणि पडूनही मालकाच्या बाजूने साक्ष देत राहिली. एका विशेषणाचे असे सामर्थ्य आमच्या अलंकारशास्त्रात कुठे नोंदले असल्यास वाचकांनी कळवावे.

राहिले ते काय? फिनिक्स मिलचे धुराडे मॉलच्या आवारात उभे आहे. कमला मिलसारख्या काही आवारांत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत तिथे १४ जण मेले. श्रीनिवास मिलच्या जागी अतिउंच निवासी मनोरे आहेत, मोरारजी मिलच्या जागीही. त्या मनोऱ्यांत उंच छताची, दुमजली घरे मिळतात. लॉफ्टचे रूप नव्या सिमेंटमध्ये घडवता येते, त्यासाठी जुनी गिरणी लागत नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागी वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आहे. ते व्हावे. तरी जे जपायचे ते फक्त काचेआड, ही सवय आम्हांस खटकते.

आणि कामगारांची घरे. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असलेल्यांना किंवा त्यांच्या वारसांना म्हाडाने घरे द्यायची, त्यांची सोडत २०१२ पासून निघू लागली. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात, घरे फार थोडी. उरलेल्यांसाठी वांगणी आणि शेलू इथली घरे पुढे आली तेव्हा 'मुंबईत कमावले, घर मुंबईतच द्या' म्हणून जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले.

विंझरची ट्रंक यासाठी उघडली होती. अर्जाला पुरावे लागतात. हजेरीचे तिकीट, फंडाचा कागद, विम्याचे कार्ड, यांपैकी जे सापडेल ते. गिरणीचे दप्तरच जिथे गेले, तिथे सह्याद्रीतल्या धुराने राखलेला कागद हाच दाखला. तिकीट सापडले, क्रमांक वाचता येत होता. फंडाच्या कागदाची घडी उलगडताना तिचे दोन तुकडे झाले. घरच्या सूनबाईंनी ते एका वहीत चिकटवून ठेवले.

गृहस्थांनी विचारले, "शेलू कुठं आलं?"

"कर्जतच्या वाटेला," आम्ही सांगितले. "वांगणीच्या पुढे, नेरळच्या अलीकडे."

त्यांनी मान हलवली. मग ट्रंक परत वर गेली, कारण पाऊस वाढला होता.