भिंत, खांब आणि देह

गेल्या दिवाळीत नातवाने आग्रहाने एक फ्रेंच चित्रपट दाखविला. ‘बॉंल्यू १३’ हे त्याचे नाव. लेखक ल्युक बेसाँ, दिग्दर्शक पिएर मोरेल, साल २००४. पॅरिसच्या एका दरिद्री उपनगराभोवती सरकारने भिंत घातली आहे, आतील शाळा नि पोलीस ठाणी उठविली आहेत, ही कल्पना. कथानक बेताचेच. पण आरंभीच नायक पाठलाग चुकवीत दाराच्या वरील झडपेतून सर्रकन पार होतो आणि गच्चीवरून गच्चीवर झेपावतो, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. तारांचा आधार नाही, संगणकाची करामत जवळजवळ नाहीच. दाविद बेल आणि सिरिल राफाएली यांचे देह हेच तेथले भांडवल.

या विद्येला ‘पार्कूर’ म्हणतात. तिचे मूळ शोधता जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्यापाशी जावे लागते. १९०२ साली मार्तिनिक बेटावर ज्वालामुखीने सेंट पिएर शहर गिळले, त्या वेळच्या बचावकार्यात तो होता. बलवान व्हावे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचे सूत्र. धावणे, चढणे, उडी, तोल, ओझे वाहणे यांवर त्याने व्यायामपद्धती रचली व ती फ्रेंच सैन्यात रुजली. दाविदचे वडील रेमाँ बेल हे सैन्याच्या शाळेत वाढलेले, पुढे पॅरिसच्या अग्निशामक दलातले. बापाकडून ती मुलाकडे आली.

आता आपल्याकडे पाहू. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. निजामाकडून आलेल्या दोन मल्लांचे आव्हान आणि सप्तशृंगीवरील साधना ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातील दंतकथेचा अंश ज्याने त्याने वजा करावा. मात्र बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभ येतो, म्हणून ‘पुनरुज्जीवन’ हाच शब्द योग्य. खांब म्हणजे न दमणारा, न रागावणारा प्रतिस्पर्धी. एरंडेल लावलेल्या त्या लाकडावर अढी, बगली, दसरंग, सुईदोरा घोटून मल्ल तयार होई.

हा वारसा गुजरातेत आणला तो गायकवाडीने. बडोद्यास प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर उभे राहिले. कवायतीच्या इंग्रजी आज्ञा टाकून हिंदी आज्ञा त्यांनी रूढ केल्या, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. छोटुभाई व अंबुभाई पुराणी या बंधूंनी तेथून स्फूर्ती घेऊन गुजरातेत आखाड्यांची चळवळ चालविली. अंबुभाई पुढे पाँडिचेरीस श्रीअरविंदांकडे गेले, म्हणजे त्या वेळच्या फ्रेंच हद्दीतच!

आमची बारडोली मात्र सुरत जिल्ह्यात, इंग्रजांच्या अमलाखाली. शेजारचे व्यारा, सोनगढ गायकवाडांचे. १९३० च्या करबंदीत येथील शेतकरी घरेदारे सोडून त्या हद्दीत गेले. भिंत नव्हती, पण रेषा होती, आणि ती ओलांडण्यास छातीच लागत होती.

‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह मला मान्य नाही. मल्लखांब एका जागी रोवलेला असतो. पार्कूरला सारे शहरच खांब. दोघांचे कूळ एक नव्हे. खरा फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. एबेरची विद्या अग्निशामकाच्या घरातून रस्त्यावरच्या पोरापर्यंत पोहोचली आणि पोराने ती बदलून टाकली. आपण आपली विद्या जपली. बदलू मात्र फारशी दिली नाही. द. चिं. मजुमदारांनी बडोद्यात मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, १९३६ ते १९४९ एवढी वर्षे घालवून. आपल्यापैकी किती घरांत त्यातला एक तरी खंड उघडला गेला आहे? माझ्या घरात नाही, हे आधी कबूल करतो.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले, हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने चित्रपट थांबविला. लहानपणी मी ज्या आखाड्यात जात असे, तेथील सागवानी खांब पुढे कोणी तरी उपटून तुळईला वापरला. मला अढीच्या पुढे कधी जमले नाही. तो म्हणाला, “आजोबा, अढी म्हणजे नेमके काय?” ओटीवरच्या खांबाशी मी त्याला पाय कसा वेढायचा ते दाखवू लागलो. गुडघ्याने साथ दिली नाही. त्याने मात्र दुसऱ्याच प्रयत्नात ती धरली.