स्लोख्तरेनचा वायु आणि शेजारधर्म

दगडी कोळसा गाडींत भरतां येतो, खनिज तेल जहाजांत घालून वाटेल त्या बंदरास नेतां येतें, आणि एक गिऱ्हाईक रुसलें तर दुसऱ्याच्या दारीं जातां येतें. जमिनींतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूची गोष्ट तशी नाहीं. त्याला अतिशय थंड करून द्रवरूपानें जहाजांत भरण्याची विद्या मागाहून साधली खरी. परंतु युरोपांत तरी हा वायु बहुतांशीं पोलादी नळांतूनच गेला, आणि नळ एकदां जमिनींत पुरला म्हणजे तो उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. विकणारा आणि घेणारा दोघेही त्याच्या दोन टोकांस बांधले जातात. म्हणून शेजारच्या राष्ट्रांमध्यें वायूचा व्यापार कसा उभा राहिला, या हकीकतींत भांडवल आणि यंत्रें यांच्या इतकाच शेजाऱ्यांच्या परस्पर विश्वासाचा, आणि त्या विश्वासाचा भार अखेर कोणाच्या अंगावर पडला याचाही, विचार करावा लागतो. पश्चिम युरोपांतील अशा व्यापाराचा उगम हॉलंडच्या ईशान्य कोपऱ्यांतील ग्रोनिंगेन प्रांतांत आहे.

आपल्या बखरकारांनीं ज्यांस वलंदेज म्हटलें, आणि ज्यांची वखार सतराव्या शतकांत आपल्या वेंगुर्ल्यास होती, त्या व्यापारी लोकांचा हा देश. तेथें स्लोख्तरेन गांवाजवळच्या शेतजमिनींत २२ जुलै १९५९ रोजीं सुमारें तीन किलोमीटर खोलीवर वायु लागला. विहीर खणणारी 'नाम' ही कंपनी शेल आणि एस्सो या दोन बड्या तेलकंपन्यांच्या निम्म्यानिम्म्या मालकीची होती. एवढें मोठें धन हातीं लागूनही कंपनीनें त्याचा गाजावाजा केला नाहीं. जमिनीखालचा सांठा किती, हें तिला प्रथम नीट उमगलें नव्हतें हें एक कारण. आणि सरकाराशीं हक्कांची बोलणीं व्हावयाचीं असतां आपली श्रीमंती कोण आधीं सांगेल, हें दुसरें. ऑक्टोबर १९६० मध्यें बेल्जियमचे प्रतिनिधि व्हिक्टर लेमन्स यांनीं युरोपीय संसदेंत उभे राहून या क्षेत्रांत ३०० अब्ज घनमीटर वायु असल्याचें सांगून टाकलें, तेव्हां कोठें जगाला जाग आली. घरच्या धनाची बातमी घरच्यांस शेजाऱ्याकडून कळावी, असा हा प्रकार होता. पुढें हा आंकडा वाढत वाढत सुमारें २,८०० अब्ज घनमीटरांवर गेला. युरोपखंडांत एवढें मोठें वायुक्षेत्र त्यापूर्वीं कोणाला ठाऊक नव्हतें.

आतां प्रश्न उभा राहिला तो भावाचा. इतिहासाच्या पुस्तकांत शोधाची तारीख ठळक छापतात आणि भाव कसा ठरला हें तळटीपेंत जातें. परंतु मला विचाराल तर या सर्व प्रकरणाचें मर्म त्या भावांतच आहे. एखाद्या पाणीटंचाईच्या गांवीं कोणाच्या परसांत विहीर लागली असें समजा. गांवकरी तोंवर पखालवाल्याकडून पाणी घेत आलेले. विहिरीचा मालक पाणी विकूं लागला तर त्यानें काय घ्यावें? दोर, पोहरा आणि ओढण्याची मजुरी यांवर थोडा नफा? कीं पखालवाला जें घेतो त्याहून किंचित् कमी? पहिल्या रीतीनें गांवाची चैन होईल, दुसरीनें मालकाची. हॉलंडचे अर्थमंत्री यान विलेम द पौस यांनीं जुलै १९६२ मध्यें संसदेपुढें जें टिपण ठेविलें, त्यांत दुसऱ्या रीतीचा स्पष्ट अंगीकार केलेला आहे. गिऱ्हाईक ज्या घरांत जळाऊ तेल वापरीत असेल तेथें तेलाच्या भावाशीं मेळ घालून वायूचा भाव ठरावयाचा. जमिनींतून तो काढण्यास किती खर्च आला, हा हिशेब विचारांत घ्यावयाचा नाहीं. मोठ्या विजेच्या कारखान्यांना स्वस्तांत घाऊक विकण्यापेक्षां घरोघरच्या चुली आणि शेगड्या यांनाच तो द्यावा, म्हणजे भाव चांगला येईल, हा सल्ला एस्सोच्या अमेरिकन मंडळींचा होता, आणि व्यापारदृष्ट्या तो अचूक ठरला.

या भावाचा लाभ कोणीं घ्यावा हेंही त्याच वेळीं ठरलें. ६ एप्रिल १९६३ रोजीं 'गासयुनी' ही वायु विकत घेऊन पुढें विकणारी संस्था स्थापन झाली. तिच्या भागभांडवलांत निम्मा वांटा सरकारचा व सरकारी कोळसाखाणींचा, आणि उरलेला शेल व एस्सो यांचा. वायु काढण्याच्या व्यवहारांतही सरकारी खाणींना शेंकडा ४० भाग मिळाला. यांतली विसंगति पाहण्यासारखी आहे. लिंबुर्ख प्रांतांतील कोळशाच्या खाणी ज्या वायूनें निरुपयोगी केल्या, त्याच वायूच्या नफ्यांत त्या खाणींची मालक संस्था भागीदार होती. डिसेंबर १९६५ मध्यें मंत्री योप देन औल यांनीं हेर्लेन येथें जाऊन खाणी बंद करण्याचा निर्णय खाणकामगारांपुढें जाहीर केला, आणि १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण मिटली. तोंपर्यंत देशांतील बहुतेक सर्व गांवांच्या घरांत निळी ज्योत पोंचली होती.

परंतु हॉलंडच्या सव्वा कोट लोकसंख्येला एवढा वायु संपणारा नव्हता, आणि तो लवकर संपवावा अशी त्या वेळच्या शहाण्यांची समजूत होती. आज ऐकतांना हंसूं येतें. पण १९६० च्या सुमारास अणुशक्तीची वीज लवकरच इतकी स्वस्त होईल कीं वायूला कोणी विचारणार नाहीं, असें मानणारे लोक मूर्ख नव्हते, ते आपल्या काळाचे उत्तम अर्थशास्त्रज्ञ होते. या भीतीपोटीं शेजाऱ्यांशीं घाईघाईनें दीर्घ मुदतीचे करार झाले. सत्तरीचें दशक उजाडण्यापूर्वींच पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि फ्रान्स हे देश नळांनीं जोडले गेले, आणि १९७४ सालीं जर्मनी व स्वित्झर्लंड यांतून आल्प्स पर्वत ओलांडून तो वायु इटलींतही उतरला. वीस वर्षांपूर्वीं ज्या राष्ट्रांचीं सैन्यें एकमेकांचीं शहरें उध्वस्त करीत होतीं, तीं राष्ट्रें आतां एकाच नळावर अन्न शिजवूं लागलीं.

तथापि या व्यवस्थेला बाजार म्हणावें कीं नाहीं, याची मला शंका आहे. परदेशीं विकतांनाही तत्त्व तेंच होतें: पॅरिसच्या किंवा मिलानच्या गिऱ्हाइकास तेल ज्या भावानें पडतें त्यावरून वायूचा भाव काढावयाचा, त्यांतून वाटेचा वाहतूकखर्च वजा करावयाचा, आणि उरेल तो भाव डच सरहद्दीवर घ्यावयाचा. म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकास सरहद्दीवर माल स्वस्त आणि जवळच्यास महाग. असें झालें कीं स्वस्त घेणारा तो मध्येंच जवळच्याला विकून टाकील ही धास्ती आलीच. म्हणून करारांत एक कलम घालीत: घेतलेला वायु ठरलेल्या देशाबाहेर विकावयाचा नाहीं. शिवाय घेवो न घेवो, ठरलेल्या मापाच्या मोठ्या भागाचे पैसे दिलेच पाहिजेत. प्रत्येक देशांत घेणारी संस्था बहुधा एकच, विकणाराही एकच. ही मंडळी वर्षानुवर्षें एकाच मेजाभोंवतीं बसत आणि सोयरिकीच्या याद्या कराव्या तसे करार करीत. त्यांत स्पर्धा नव्हती; परंतु स्थैर्य होतें, आणि त्या स्थैर्यावरच सावकारांनीं नळांसाठीं भांडवल दिलें, हें अलीकडील टीकाकार विसरतात.

हा डच नमुना दूरवर गेला. १ फेब्रुवारी १९७० रोजीं एसेन शहरीं सोव्हिएट रशिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यामध्यें जो प्रसिद्ध करार झाला—जर्मनीनें मोठ्या व्यासाचे नळ द्यावे व रशियानें वायु द्यावा—त्याला चौकट याच दीर्घ मुदतीच्या करारांची मिळाली. ऑक्टोबर १९७३ मध्यें तो वायु जर्मनींत पोंचला. त्याच महिन्यांत अरबस्थानच्या तेलाचें संकट ओढवलें, आणि डच मंत्री रूद लुबर्स यांनीं शेजाऱ्यांकडून वाढीव भावाची मागणी करून जुने करार बदलून घेतले. खुद्द आपल्या देशानें कतारशीं १९९९ सालीं जो पंचवीस वर्षांचा करार केला, आणि ज्याचा द्रवरूप वायु गुजरातेंत दहेजला उतरूं लागला, त्यांतही वायूचा भाव खनिज तेलाच्या भावाशींच बांधलेला होता. ग्रोनिंगेनच्या शेतांत पेरलेली कल्पना अशी खंबायतच्या आखातापर्यंत आली.

शतकाच्या अखेरीस वारे फिरले. युरोपीय संघानें १९९८ सालीं वायुव्यापार मोकळा करण्याचा पहिला निर्बंध केला. त्याच वर्षीं इंग्लंड आणि बेल्जियम समुद्राखालच्या नळानें जोडले गेले. पुनर्विक्रीच्या मनाईचें कलम हळूहळू बाद झालें. २००३ सालीं हॉलंडनें आपल्या सर्व नळांचें जाळें म्हणजे जणूं एकच पेठ असें मानून तेथें वायूची खरेदीविक्री सुरू केली. या पेठेला इमारत नाहीं, आडत नाहीं. हिशेबाच्या वहींत मात्र ती आहे, आणि तिचा भाव पुढें सर्व युरोपचा भाव झाला. तेलाची गांठ सुटली. पुष्कळ वर्षें गिऱ्हाइकांना त्याचा फायदाही झाला.

या सर्व काळांत ज्या जमिनीखालून हें धन निघत होतें, तिची विचारपूस कोणीं केली? वायु काढला म्हणजे वाळूचा खडक दबतो, वरची जमीन खचते. शास्त्रज्ञ मेंट फान डेर स्लाउस यांनीं यामुळें भूकंप होतील असें ऐंशीच्या दशकांतच सांगितलें होतें. त्यांस दीर्घकाळ कोणी मानलें नाहीं. १६ ऑगस्ट २०१२ रोजीं हाउझिंगे गांवाखालीं ३.६ प्रतीचा धक्का बसला. कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्यांनीं भोगला त्यांस हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु हा धक्का अवघ्या तीन किलोमीटर खोलीवरचा, वरची माती भुसभुशीत, आणि घरें भूकंपाची कल्पनाही नसलेल्या लोकांनीं बांधलेलीं विटांचीं. भिंतींना तडे गेले, जुन्या देवळांना टेकू द्यावे लागले. खाणींवरील सरकारी तपासणीखात्यानें जानेवारी २०१३ मध्यें उत्पादन शक्य तितक्या लवकर कमी करा असें बजावलें. तरीही त्या वर्षीं सुमारें ५४ अब्ज घनमीटर वायु काढला गेला. त्यापूर्वींच्या अनेक वर्षांत एवढा निघाला नव्हता. २०१८ च्या जानेवारींत झीराइप येथें पुन्हा मोठा धक्का बसला, तेव्हां मात्र सरकारनें हें क्षेत्र मिटविण्याचें ठरविलें.

संसदेच्या चौकशीसमितीनें फेब्रुवारी २०२३ मध्यें जो अहवाल दिला त्यांत हिशेबाचे आंकडे आहेत. सरकारला सहा दशकांत सुमारें ३६,००० कोटी युरो मिळाले, दोन कंपन्यांना मिळून सुमारें ६,५०० कोटी. ८०,००० हून अधिक इमारतींचें नुकसान झालें. ग्रोनिंगेनकरांच्या हिताकडे पद्धतशीरपणें दुर्लक्ष झालें, असा समितीचा निष्कर्ष आहे. द पौस यांच्या सूत्रांत वायूचा भाव तेलावरून काढला जाई. त्यांत भेगाळलेल्या भिंतीसाठीं रकानाच नव्हता.

आणि नेमक्या याच काळांत शेजारधर्माची परीक्षा आली. २०२२ च्या जानेवारींत सरकारनें जाहीर केलें कीं ग्रोनिंगेनचें त्या वर्षाचें उत्पादन ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट करावें लागेल. जर्मनीची गरज वाढली हें त्याचें एक कारण सांगितलें गेलें. लोक मशाली घेऊन रस्त्यांवर आले, आणि पुढें तो आंकडा पुष्कळ खालीं आणावा लागला. फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. ऑगस्टच्या अखेरीस रशियाचा बाल्टिक समुद्राखालचा नळ बंद पडला, आणि पेठेंतला भाव एका मेगावॅट-तासास ३०० युरोंच्या वर गेला. हॉलंडच्या जमिनीखालीं त्या वेळीं सुमारें ४५० अब्ज घनमीटर वायु शिल्लक होता. तो काढा, शेजारी गारठून जातील, असें पुष्कळांनीं सुचविलें. सरकारनें तें मानलें नाहीं. शेजाऱ्याची थंडी आणि स्वतःच्या प्रजेच्या भिंती यांत निवड करण्याची पाळी राज्यकर्त्यांवर क्वचितच इतक्या उघडपणें येते. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. परंतु जर्मनींतील एखाद्या गृहिणीस तो तसा वाटला असेल असें मी म्हणणार नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं उत्पादन थांबलें, आणि एप्रिल २०२४ मध्यें क्षेत्र कायमचें मिटविण्याचा कायदा मंजूर झाला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ग्रोनिंगेनच्या वायूंत शेंकडा १४ नायट्रोजन असे, म्हणून त्याची आंच मंद. सीमेपलीकडील जर्मन, बेल्जियन आणि फ्रेंच घरांतील शेगड्या त्या मंद आंचेसाठींच बनविलेल्या होत्या. त्यांत नॉर्वेचा किंवा जहाजानें आलेला अमेरिकन वायु तसाच घातला तर चालत नाहीं. या शेगड्या घरोघर जाऊन बदलण्याचें काम अनेक वर्षें चालवावें लागलें. आणि तें पुरें होईपर्यंत शेजाऱ्यांस दिलेला शब्द पाळतां यावा म्हणून स्लोख्तरेनहून जवळच असलेल्या झाउडब्रुक गांवीं एक मोठा कारखाना उभारला गेला. तेथें हवेंतून नायट्रोजन वेगळा काढतात आणि परदेशांतून आलेल्या चांगल्या वायूंत तो मुद्दाम मिसळतात.