पल्ला आणि प्रवास

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर किती व ते तोडावयास वेळ किती, असे आज कोणी विचारले तर उत्तर दोन आकड्यांत मिळते. लंडन ते मुंबई हा आकाशमार्ग सुमारे साडेचार हजार मैलांचा. विमान तो नऊ तासांच्या आसपास तोडते. हे आकडे खोटे नाहीत. परंतु ते पुरे आहेत काय, अशी आम्हांस शंका येते. या शंकेचा उलगडा नाशकाच्याच एका जुन्या गोष्टीत आहे.

22 ऑक्टोबर 1929 रोजी हिंदुस्थानात खास हवाई टपालाची सहा तिकिटे निघाली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतच्या या तिकिटांवर हर्क्युलिस जातीचे विमान उडत होते, आणि ती छापली होती नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने. त्याच वर्षीच्या 30 मार्चला इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडन–कराची मार्ग सुरू केला होता. सुमारे पाच हजार मैलांस सात दिवस लागत. बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोव्हापर्यंत आगगाडी, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत समुद्रविमान आणि मग कराचीपर्यंत तिकिटावरील ते हर्क्युलिस, असा हा प्रवास होता. हवाई म्हणविणारी डाक आल्प्स पर्वत रुळांवरूनच ओलांडीत होती!

कराचीची डाक पुढे मुंबईस विमानाने आणण्याचे काम 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी आरंभिले. सकाळी कराचीहून एकट्याने निघून, अहमदाबादेस उतरून, ते दुपारी दोनच्या आत जुहूस पोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती डाक बेल्लारीवरून मद्रासेस नेली. मद्रासेस विमान पोचले. पण विमानाचे चित्र छापणाऱ्या नाशकाचे पत्र मात्र जुहूहून पुढे रेल्वेनेच थळघाट चढावयाचे होते.

आज नाशिकजवळच्या ओझरहून दिल्लीस विमान जाते. सुमारे सव्वासहाशे मैलांचा सरळ आकाशमार्ग दोन तासांत सरतो, ही सोय लहान नव्हे. तथापि परदेशाहून मुंबईस उतरून नाशकास मोटारीने येणाऱ्यास शेवटच्या शंभर-सव्वाशे मैलांसाठी आजही तीन-चार तास मोजावे लागतात. घरी वाट पाहणाऱ्या आईला विमान किती वाजता टेकले याहून मुलगा दारात कधी उभा राहील, याचीच चिंता अधिक असते.

या बाबतीत जुने टपालखाते आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. त्या काळच्या पाकिटांवर पुढे निघाल्या गावचा आणि मागे पोचल्या गावचा, असे दोन शिक्के दिसतात. त्या दोन तारखांमध्ये विमान, आगगाडी, घाट आणि मुक्काम सारे धरलेले असते. अंतर मोजावयाचे तर ते असे मोजावे.