दुसऱ्यांच्या सुरांचा कारभारी : हान्स फॉन ब्यूलो

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात वाद्यवृंदाचे संचालन हा स्वतंत्र व्यवसाय मानला जात नव्हता. अठराव्या शतकात पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवर बसलेला वादक बाकीच्यांना सांभाळून घेत असे. हातात छडी घेऊन वादकांसमोर उभे राहण्याची रीत जर्मन प्रदेशात श्पोर, वेबर आणि मेंडेल्सझोन यांच्या काळात रुजली. पण हे तिघेही आधी संगीतकार होते. दरबारच्या संगीतप्रमुखाने स्वतःच्या रचना वाजवून घ्याव्यात आणि जमल्यास इतरांच्याही, एवढीच अपेक्षा असे. वाद्यवृंद हेच एक वाद्य आहे, त्याचा रियाज करावा लागतो आणि तो करून घेणारा माणूस वेगळा असू शकतो, हे ज्याने आपल्या कामातून प्रस्थापित केले तो म्हणजे हान्स फॉन ब्यूलो. त्यालाही खरे तर संगीतकारच व्हायचे होते.

ब्यूलोचा जन्म 8 जानेवारी 1830 रोजी ड्रेस्डेनमध्ये एका सरदार घराण्यात झाला. लहानपणी तो वारंवार आजारी पडे, आणि डोकेदुखीने आयुष्यभर त्याची पाठ सोडली नाही. पियानोचे धडे त्याला फ्रीडरिख वीककडून मिळाले; प्रसिद्ध पियानोवादक क्लारा शुमान ही याच वीकची मुलगी. 1842 मध्ये ड्रेस्डेनला रिचर्ड वाग्नरचा ‘रिएंझी’ हा ऑपेरा रंगमंचावर आला, तेव्हा बारा वर्षांचा हान्स तो ऐकून भारावून गेला. घरच्यांना, विशेषतः आईला, मुलाने वकील व्हावे असे वाटत होते. त्यामुळे तो आधी लाइपझिगला आणि मग बर्लिनला कायद्याच्या अभ्यासाला बसला. 28 ऑगस्ट 1850 रोजी वायमारमध्ये फ्रांझ लिस्टच्या संचालनाखाली वाग्नरच्या ‘लोहेंग्रिन’चा पहिला प्रयोग झाला. तो पाहिल्यावर ब्यूलोने कायद्याला रामराम ठोकला आणि आईचा विरोध पत्करून झ्युरिकला वाग्नरकडे गेला. वाग्नर तेव्हा 1849 च्या ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे परागंदा होता.

झ्युरिक आणि सेंट गालेनच्या नाट्यगृहांत त्याने संचालनाचे पहिले धडे गिरवले. स्मरणशक्ती विलक्षण होती, पण जीभ त्याहून धारदार. गायकांशी आणि व्यवस्थापकांशी त्याचे पटत नसे, आणि हे पुढेही तसेच चालू राहिले. 1851 मध्ये तो लिस्टकडे पियानो शिकायला वायमारला गेला. 1855 पासून बर्लिनच्या श्टर्न संगीतविद्यालयात शिकवू लागला. लिस्टचा बी मायनरमधील सोनाटा जानेवारी 1857 मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे वाजवला तो ब्यूलोनेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिस्टची मुलगी कोझिमा हिच्याशी त्याचे लग्न झाले. लग्नानंतरच्या प्रवासात हे जोडपे झ्युरिकला वाग्नरच्या भेटीला गेले, यात त्या वेळी कोणालाच काही वावगे वाटले नाही.

1864 मध्ये बव्हेरियाचा तरुण राजा लुडविग दुसरा याने वाग्नरला आश्रय दिला आणि वाग्नरने ब्यूलोला म्युनिकला बोलावून घेतले. तिथे त्याच्यावर सोपवलेले काम अवघड होते. वाग्नरचा ‘त्रिस्तान उंड इझोल्डे’ हा ऑपेरा व्हिएन्नाच्या नाट्यगृहाने सत्तरहून अधिक तालमी करून अखेर वाजवता न येण्याजोगा ठरवून सोडून दिला होता. ब्यूलोला मात्र त्याची स्वरलिपी तोंडपाठ होती, कारण तिचे पियानोसाठीचे रूपांतर त्यानेच केले होते. 10 एप्रिल 1865 रोजी वाद्यवृंदाच्या तालमी सुरू झाल्या आणि त्याच दिवशी कोझिमाला मुलगी झाली. तिचे नाव इझोल्डे ठेवले गेले. मुलगी वाग्नरची होती. कागदोपत्री ती ब्यूलोची राहिली. पुढे 1914 मध्ये तिने वाग्नरचा वारसा मागण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा बायरॉइटच्या न्यायालयानेही तिला ब्यूलोचीच मुलगी ठरवले.

तालमींच्या काळात ब्यूलोने स्वतःवर आणखी एक संकट ओढवून घेतले. वादकांना जागा कमी पडते म्हणून प्रेक्षागृहातील तीस खुर्च्या काढायचे ठरले. त्यावर, तीस डुकरे कमी बसली म्हणून काय बिघडते, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून गेला. वर्तमानपत्रांनी ते छापले आणि म्युनिककर चिडले. प्रमुख गायिकेचा आवाज बसल्यामुळे प्रयोग लांबला आणि अखेर 10 जून 1865 रोजी झाला. ब्यूलोने तो पार पाडला, आणि युरोपात आतापर्यंत अशक्य ठरलेले संगीत नीट तालमी केल्या तर वाजवता येते हे सिद्ध झाले. 21 जून 1868 रोजी वाग्नरच्याच ‘डी माइस्टरझिंगर’ या ऑपेराचा पहिला प्रयोगही त्याच्याच हातून झाला. तोवर घर मोडले होते. कोझिमा त्याच वर्षी वाग्नरकडे कायमची राहायला गेली; 1870 च्या जुलैमध्ये घटस्फोट झाला आणि ऑगस्टमध्ये तिने वाग्नरशी लग्न केले.

या प्रकरणात ब्यूलो बिचारा ठरतो, आणि चरित्रकारांना त्याची ही कहाणीच अधिक आवडते. त्याने पुढे काय केले हे त्याहून महत्त्वाचे आहे. तो फ्लोरेन्सला गेला, पियानो पुन्हा हाती घेतला आणि 1872 पासून गावोगाव मैफली करत फिरू लागला. वाग्नरच्या संगीतावरची त्याची निष्ठा ढळली नाही; वाग्नरच्या बायरॉइटमधील नाट्यगृहासाठी त्याने पियानोच्या मैफली करून पैसेही उभे केले. मात्र 1876 मध्ये तिथला पहिला महोत्सव भरला तेव्हा तो तिकडे फिरकला नाही. त्याआधीच्या हंगामात तो अमेरिकेत होता. 1875-76 च्या त्या दौऱ्यात त्याने 139 मैफली केल्या. चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्सर्टो मॉस्कोत निकोलाय रुबिनस्टाइनने कठोर शब्दांत नाकारला होता. तो ब्यूलोने 25 ऑक्टोबर 1875 रोजी बॉस्टनमध्ये जगापुढे आणला. आज हा कॉन्सर्टो जगभर इतका वाजतो की तो पहिल्यांदा एका जर्मन पियानोवादकाने अमेरिकेत वाजवला हे सांगावे लागते.

1870 च्या दशकाच्या शेवटी तो हानोफरच्या दरबारी नाट्यगृहात संचालक झाला, पण एका टेनर गायकाशी जाहीर भांडण होऊन ती नोकरी गेली. मग 1880 मध्ये मायनिंगेनकडून बोलावणे आले.

थुरिंगियातल्या या छोट्या संस्थानाचा ड्यूक गेऑर्ग दुसरा याला नाटकाचे वेड होते. एका मोठ्या नटाभोवती नाटक फिरवायचे सोडून सगळ्या नटसंचाची काटेकोर तालीम करायची, ही त्याची पद्धत युरोपभर गाजत होती. त्याची पत्नी एलेन फ्रांत्स ही पूर्वाश्रमीची अभिनेत्री आणि ब्यूलोची एकेकाळची विद्यार्थिनी. दरबारचा वाद्यवृंद लहान, पन्नासाच्या आतबाहेर वादकांचा. ब्यूलोने नाटकाचीच शिस्त त्याला लावली.

पहिल्या हंगामात त्याने फक्त बेथोव्हेन वाजवायचे ठरवले. पण त्याआधी लांबलचक तालमी झाल्या. सगळे वादक एकत्र बसवण्याऐवजी व्हायोलिनवाले वेगळे, व्हियोला-चेलोवाले वेगळे, फुंकवाद्ये वेगळी असे गट पाडून प्रत्येकाची जागा घोटून घेतली जाई, आणि मगच सगळे एकत्र येत. ही गटवार तालीम आता सर्वत्र सर्रास चालते; तेव्हा ती नवलाची होती. तंतुवाद्यांच्या वादकांना त्याने उभे राहून वाजवायला लावले, काही रचना तर पाठ करायला लावल्या. खालचे स्वर भक्कम व्हावेत म्हणून पाच तारांचे डबल बास आणले, पायाने सूर बदलता येणारे टिंपनी घेतले. बेथोव्हेनने चार वाद्यांसाठी लिहिलेली ‘ग्रोसे फुगे’ ही कठीण रचना त्याने सगळ्या तंतुवादकांकडून एकसाथ वाजवून घेतली. एकदा बेथोव्हेनची नववी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा सादर केली, म्हणजे पहिल्या वेळी ज्यांना कळली नाही त्यांना दुसरी संधी मिळावी! श्रोत्यांना शिकवण्याची त्याची ही खोड कोणाला उद्धट वाटे, कोणाला आवडे. मैफलीत मध्येच वळून प्रेक्षकांना चार शब्द सुनावण्यातही त्याला संकोच नसे. बेथोव्हेनच्या ‘एरोइका’ सिंफनीतील शोकयात्रेच्या भागासाठी तो काळे हातमोजे चढवी असे सांगतात.

हा वाद्यवृंद आगगाडीने बर्लिन, हॅम्बुर्ग, लाइपझिग, व्हिएन्ना अशा शहरांत नेण्यात आला, आणि मोठ्या शहरांतले मोठे वाद्यवृंद एकाएकी ढिसाळ वाटू लागले. संस्थानी गावातले वादक राजधानीच्या वादकांना लाजवतात, याचे कारण संगीताच्या जाणकारांना शोधावेच लागले. उत्तर एकच होते : तालीम.

योहानेस ब्राम्सला ब्यूलोने आपला वाद्यवृंद मोकळा करून दिला. 1881 च्या शरद ऋतूत ब्राम्स मायनिंगेनला येऊन आपला दुसरा पियानो कॉन्सर्टो तालमीत चाचपून गेला. 1882 च्या जानेवारीत बर्लिनमध्ये तर दोघांनी अदलाबदल केली; कधी ब्राम्स पियानोवर बसला, कधी ब्यूलो. वाग्नरपंथी आणि ब्राम्सपंथी यांच्यात जर्मनीत हाडवैर होते, आणि वाग्नरचा हा एकेकाळचा उजवा हात आता ब्राम्सचा सर्वांत मोठा प्रचारक झाला. बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तीन ‘ब’कारांना एका रांगेत बसवण्याची चाल त्यानेच रूढ केली. 25 ऑक्टोबर 1885 रोजी ब्राम्सची चौथी सिंफनी मायनिंगेनलाच पहिल्यांदा वाजली. संचालन स्वतः ब्राम्सने केले, घडवणूक ब्यूलोची होती. काही आठवड्यांनी फ्रँकफुर्टमध्ये ती ब्यूलो वाजवणार होता, तिथे ब्राम्सने ती आपल्या हाती घेतली. ब्यूलो दुखावला आणि त्याने राजीनामा दिला. त्याचा तरुण साहाय्यक, एकवीस वर्षांचा रिचर्ड श्ट्राउस, याने काही महिने ती जागा सांभाळली. श्ट्राउसला एक वर्ष आधी म्युनिकमध्ये आपली रचना एकाही तालमीशिवाय चालवायला लावणाराही ब्यूलोच. तालमीचा आग्रह धरणाऱ्याने शिष्याला मात्र थेट पाण्यात ढकलले.

ब्यूलोची मते टोकाची असत आणि ती सांगण्याची घाईही त्याला असे. 1874 मध्ये व्हेर्दीचे ‘रिक्विएम’ त्याने नीट न ऐकताच टाकाऊ ठरवले. 1892 मध्ये त्याने व्हेर्दीला पत्र लिहून माफी मागितली आणि व्हेर्दीने ती मोठ्या मनाने स्वीकारली. सगळीच मते अशी निस्तरली गेली नाहीत. 1880 च्या सुमारास जर्मनीत फिरलेल्या ज्यूविरोधी अर्जावर त्याची सही होती. पुढे त्याला बर्लिनमध्ये आणणारा मैफलींचा व्यवस्थापक हेर्मान वोल्फ ज्यू होता, आणि ज्या तरुण संचालकाचे त्याने हॅम्बुर्गमध्ये तोंड भरून कौतुक केले तो गुस्ताव मालरही जन्माने ज्यू.

त्याच्या स्वतःच्या रचनांचे फारसे काही झाले नाही. शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’साठी लिहिलेले संगीत, ‘गायकाचा शाप’ ही वाद्यवृंदासाठीची रचना आणि ‘निर्वाण’ ही फॅन्टसी, हे त्यातले मोठे काम. शेवटच्या नावामागे तत्त्वज्ञ शोपेनहाउअर होता. त्याच्या ग्रंथांमुळे बौद्ध परंपरेतला हा शब्द त्या काळच्या जर्मन लेखक-संगीतकारांच्या तोंडी बसला होता. रचनांत कसब आहे, गडद हार्मनी आहे; पण लिस्ट आणि वाग्नर शेजारी उभे असताना तिसरा आवाज उमटत नाही. ब्यूलोला हे कळत होते असे दिसते, कारण उत्तरायुष्यात त्याने रचना जवळजवळ सोडली. त्याची खरी लेखणी बेथोव्हेनच्या पियानो सोनाटांच्या संपादनात दिसते. बोटे कुठे ठेवायची, वाक्य कुठे तोडायचे हे सांगणारी ती आवृत्ती पियानोच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली.

बर्लिन फिलहार्मोनिकची स्थापना 1882 मध्ये झाली होती. बेंजामिन बिल्झेच्या वाद्यवृंदातले 54 वादक वाईट वागणुकीला कंटाळून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा संच उभारला. पैशाची चणचण कायमची. वोल्फने सूत्रे हाती घेतल्यावर 1887 च्या ऑक्टोबरमध्ये ब्यूलो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि 1892 पर्यंत राहिला. मायनिंगेनची पद्धत आता महानगरात आली. हॅम्बुर्गमध्येही तो याच काळात मैफली चालवत होता. तिथल्या ऑपेराचा संचालक म्हणून मालर 1891 मध्ये रुजू झाला. सात वर्षांपूर्वी कासेलमध्ये ब्यूलोची मैफल ऐकून याच मालरने त्याला शिष्य करून घेण्याची विनवणी करणारे पत्र लिहिले होते, आणि ब्यूलोने ते उत्तर न देता मालरच्याच वरिष्ठाकडे सोपवले होते. आता मात्र तो भर मैफलीत मालरला मानाने अभिवादन करी. संचालक मालर त्याला पटला, संगीतकार मालर नाही. मालरने आपली नवी रचना पियानोवर ऐकवली तेव्हा ब्यूलोने कान झाकून घेतले.

प्रकृती ढासळत गेली तेव्हा कोरड्या हवेसाठी श्ट्राउसने इजिप्त सुचवले. कैरोला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, 12 फेब्रुवारी 1894 रोजी, ब्यूलो वारला. 29 मार्चला हॅम्बुर्गमध्ये अंत्यविधी झाला. तिथे गायकवृंदाने म्हटलेले कवी क्लॉपश्टॉकचे पुनरुत्थानावरचे स्तोत्र मालरने ऐकले आणि अडून राहिलेल्या दुसऱ्या सिंफनीचा शेवट त्याला सापडला. तिचा पहिला भाग म्हणजे ब्यूलोने कान झाकून ऐकलेली तीच रचना. 13 डिसेंबर 1895 रोजी ही संपूर्ण सिंफनी बर्लिनमध्ये पहिल्यांदा वाजली, ती बर्लिन फिलहार्मोनिकनेच वाजवली.

त्याच वर्षी आर्थर निकिश या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक झाला. संगीतकार म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते, आणि त्या पदासाठी तशी ओळख असण्याची गरजही आता उरली नव्हती.