एका झाडामागे किती रोपं? भायखळ्यापासून माहीमपर्यंत, झाडं मोजणाऱ्यांची गोष्ट

लोकलमधे नेटवर्क जातं आणि एपिसोड अर्ध्यावर अडकतो, अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार असते. तुमच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना जे आकडे भरभर सांगितले, ते इथे निवांत वाचता येतील.

आजचा प्रश्न असा: टेनिस कोर्टाएवढ्या जागेत दाटीवाटीनं झाडं लावली, तर शहराला त्याचा खरंच किती फायदा होतो? आणि हे कोण मोजणार? मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट ‘चालते’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: लॉग दाखव. झाडांच्या बाबतीत तो लॉग कुठे आहे हे शोधायला गेलो आणि थेट १८८३ सालच्या भायखळ्यात पोचलो.

पण त्याच्याही आधीची एक नोंद आपण रोज वाचतो. लोकलच्या इंडिकेटरवर, बसच्या पाटीवर. वडाळा म्हणजे वड. चिंचपोकळी म्हणजे चिंच. ताडदेवचे ताड, बाबुलनाथची बाभूळ, उमरखाडीचा उंबर, गिरगावातली फणसवाडी. परळचं नाव पाडळ या झाडावरून आलं असं मानतात. काही नावांच्या उगमाबद्दल अभ्यासकांमधे वाद आहेत, तरी एकूण चित्र स्पष्ट आहे. आपल्या पूर्वजांनी पत्ता सांगायला झाडं वापरली. या नोंदीत एकच अडचण आहे: झाड गेलं तरी नाव राहतं. नुसत्या नावावरून काय उरलंय ते कळत नाही. त्यासाठी कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

आठ जण आणि एक म्युझियम

१५ सप्टेंबर १८८३. राणीच्या बागेला लागून असलेलं म्युझियम, ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. तिथे आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस, सुरू केली. त्यातले दोघं मराठी होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

गिरगावात प्रार्थना समाजाच्या नाक्यावरून तुम्ही गेला असाल. त्या प्रार्थना समाजाची १८६७ मधे स्थापना करणारे ते हे आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुन डॉक्टर होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांवर त्यांनी १८७९ मधे एक पुस्तक काढलं. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील.

माझ्यासाठी यातला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. या आठ जणांचं पोट निसर्गाच्या अभ्यासावर चालत नव्हतं. एडवर्ड एटकेन कस्टम्स आणि मिठाच्या खात्यात नोकरीला. बाकीच्यांत डॉक्टर होते, एक लष्करी अधिकारी होता. दिवसा नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात पाहिलेलं लिहून ठेवायचं. १८८६ पासून ते एकमेकांच्या नोंदी जर्नलमधे छापू लागले. आज ज्याला ‘सिटिझन सायन्स’ म्हणतात ते हेच. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि ॲप नव्हतं.

खेतवाडीतला मुलगा

या साखळीतली पुढची कडी पुन्हा गिरगावातच सापडते. खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे घरात कुणाला सांगता येईना, म्हणून तो ती घेऊन बीएनएचएसमधे गेला. सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून दिला आणि सोसायटीचा संग्रह उघडून दाखवला. हा मुलगा म्हणजे सालिम अली.

सामान्य माणसाचा प्रश्न संस्थेनं गंभीरपणे घेतला, तर काय होऊ शकतं याचं हे उदाहरण. पुढचं आयुष्यभर सालिम अली पक्ष्यांच्या नोंदी करत राहिले. १९८३ मधे, बीएनएचएसला शंभर वर्षं होत असताना, धारावी आणि माहीमच्या सीमेवर मिठी नदीच्या काठी सुरुवातीची झाडं लावणाऱ्यांत ते होते.

ती जागा काय होती? शहराचं डम्पिंग ग्राउंड. ३७ एकर कचरा. तिथे माती आणून, झाडं लावून, वाट बघून १९९४ मधे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पहिल्या झाडापासून उद्घाटनापर्यंत अकरा वर्षं. जंगलाची डेडलाइन अशी असते!

मियावाकी आले

मुंबईत ‘छोटं जंगल’ म्हटलं की आता मियावाकी हाच शब्द येतो. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात त्यांनी जपानमधल्या पोलाद कारखान्यांभोवती ही पद्धत वापरली. स्थानिक जाती निवडायच्या, माती सुधारायची, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी सांभाळायची. दाटीमुळे रोपं प्रकाशासाठी झपाट्यानं वर जातात. २०२० च्या सुरुवातीला महापालिकेनं वडाळ्याच्या भक्ती पार्कमधे असं वन लावायला घेतलं आणि मग शहरात ठिकठिकाणी ती उभी राहिली.

याच्या बातम्यांत एकच आकडा ठळक असतो: किती हजार रोपं लावली. माझी अडचण तिथेच सुरू होते. रोपांची संख्या म्हणजे आपण काय टाकलं. त्यातून काय मिळालं, हे ती सांगत नाही.

२०२० मधेच इंग्लंडमधे अर्थवॉच या संस्थेनं अशीच छोटी जंगलं लावायला सुरुवात केली: साधारण टेनिस कोर्टाएवढी जागा, सहाशे रोपं. पण लागवडीसोबत त्यांनी मोजणीही ठरवून टाकली आणि ती शाळेतली मुलं आणि शेजारीपाजारी यांच्या हातात दिली. चार गोष्टी मोजायच्या: झाडांची वाढ, म्हणजेच साठलेला कार्बन, माती पाणी किती वेगानं पिते, सावलीत किती बरं वाटतं, आणि फुलपाखरं, मधमाश्या, मातीतले किडे असे कोण कोण राहायला आले.

आपल्याकडे हे का हवं?

२६ जुलै २००५ आठवा, किंवा घरच्यांना विचारा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला फक्त ७३. एकच शहर आणि दोन सरकारी केंद्रं, पण दोन वेगळी जगं! कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिच्या नोंदी अमूल्य आहेत. पण लालबागच्या चाळीच्या गल्लीत दुपारी दोन वाजता काय तापतंय, किंवा हिंदमाताला तुंबलेलं पाणी शेजारच्या मैदानात मुरलं असतं का, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी गल्लीतलाच माणूस लागतो.

लालबाग-परळला मोकळ्या जागेचा इतिहास तर कडूच आहे. गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीबद्दल १९९१ च्या नियमात तीन हिस्से ठरले होते. त्यातला एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला. २००१ मधे नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाचीच, असं ठरलं. २००६ मधे सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. म्हणजे मोठी बाग मिळायची संधी हुकली. आता इथे जे काही होईल ते कोपऱ्याकोपऱ्यातच. म्हणून छोटं जंगल उपयोगी पडतं का, हा आमच्या भागासाठी हौसेचा प्रश्न नाही.

आता थोडं गणित

जुन्या झाडाचा घेर समजा १५७ सेंटिमीटर. ३.१४ नं भागा, व्यास आला ५० सेंटिमीटर. शेजारी १० सेंटिमीटर घेराचं रोप. घेर जवळजवळ सोळा पट, पण खोडाच्या कापाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गानं वाढतं. म्हणजे सुमारे २४६ पट. त्या एका झाडाच्या खोडाची बरोबरी करायला आज अशी २४६ रोपं लागतील. उंचीतला फरक धरला तर लाकूड, म्हणजे साठलेला कार्बन, याहून जास्त पटीनं वेगळा.

हे गणित कायद्याशी भिडतं. राज्याचा शहरी वृक्ष कायदा १९७५ चा. त्यात २०२१ मधे दुरुस्ती झाली: पन्नास वर्षांहून जुनं झाड हे ‘हेरिटेज’, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ‘झाडामागे झाड’ यापेक्षा हे खूप पुढचं पाऊल आहे. तरी वरच्या उदाहरणातलं झाड साठ वर्षांचं धरलं तर रोपं साठ, आणि आजची बरोबरी २४६ ला. शिवाय वय ठरवायचं कशावरून? झाडाकडे जन्मदाखला नसतो. दरवर्षी कुणी घेर लिहून ठेवला असेल तर निदान बोलायला आधार असतो.

राणीच्या बागेनं हे दाखवून दिलंय. १८६२ मधे खुल्या झालेल्या या बागेत २८६ प्रजातींची तीन हजारांहून अधिक झाडं आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाचा आराखडा आला, तेव्हा नागरिक बागेच्या बाजूनं उभे राहिले. ‘झाडं वाचवा’ एवढंच म्हणणं सोपं असतं. कुठलं झाड, कुठे, किती दुर्मीळ, हे यादीसकट सांगणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

मग छोटी जंगलं लावू नयेत का? जरूर लावावीत. फक्त ती जुन्या झाडांच्या बदल्यात मोजू नयेत आणि लावल्यावर विसरू नयेत. मुंबईच्या दमट हवेत पानांतून निघणाऱ्या बाष्पानं होणारा गारवा कोरड्या शहरांपेक्षा कमी. इथे मोठं काम सावली करते, आणि सावलीला पसारा लागतो. दाट, उंच, सडपातळ झाडांच्या कुंपणाबाहेर ती किती पडते? हे पुण्यातल्या किंवा इंग्लंडमधल्या आकड्यावरून नाही, इथेच मोजून कळेल.

तुमच्यासाठी होमवर्क

शिवणकामाची टेप घ्या. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेर मोजा, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर. वडाच्या पारंब्या खोडात धरू नका. तापमान घेताना दोन जागा हव्यात: एक झाडाखाली, एक जवळच उघड्यावर. वेळ एकच, उंची एकच, आणि थर्मामीटरवर थेट ऊन नको. दुसरी जागा नसेल तर पहिल्या आकड्याला अर्थ नाही. बहर आणि पालवीच्या नोंदी सीझनवॉचवर टाका, फुलपाखरं आणि किडे आयनॅचरलिस्टवर.

आणि एक सूचना, डेटा हाताळणाऱ्याची. आपण सगळे रविवारी सकाळी जातो आणि फुललेल्या बहाव्याचे फोटो काढतो. त्यामुळे नोंदी सुंदर आणि सुट्टीच्या होतात. मेलेलं रोप, रिकामी आळी, ‘आज काहीच दिसलं नाही’ हेसुद्धा लिहा. पुढे कुणी या नोंदी वापरून हिशोब मांडेल, तेव्हा त्या शून्यांशिवाय तो खोटा ठरेल.

भायखळ्यात जमलेल्या त्या आठ जणांकडे आपल्यापेक्षा साधनं कमी होती आणि नोकऱ्याही आपल्यासारख्याच होत्या. या आठवड्यात तुमच्या वाडीतलं, सोसायटीतलं किंवा बसस्टॉपजवळचं एक झाड निवडा. नाव, घेर, तारीख लिहा. पुढच्या वर्षी याच आठवड्यात मी तुम्हाला दुसरा आकडा विचारणार आहे.